बिन पालथी करू नये

"ही बिन टेबलावर घ्या आणि बघून सांगा, काय प्रॉब्लेम आहे," असं म्हणून जगदाळे सर हाताची घडी घालून उभे राहिले.

बिन म्हणजे निळा प्लास्टिकचा क्रेट. तो बुशनी काठोकाठ भरलेला होता. बुश म्हणजे जाड पोलादी नळीचा बोटभर तुकडा, मधून आरपार भोक. गाड्यांच्या सांध्यांमध्ये बसवतात. बिनचं वजन पंधरा किलोच्या आत नव्हतं. हे मला न उचलताच कळलं, कारण चौदा वर्षं मी असलेच क्रेट उचलत आले होते. फक्त त्या दिवशी माझ्या पोटावरचे टाके जेमतेम साडेसहा आठवड्यांचे होते आणि ड्रेसच्या आत वीतभर रुंदीचा पट्टा आवळलेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने भरलेला कुकरसुद्धा उचलायचा नाही. यातलं काहीही जगदाळे सरांना माहीत नव्हतं. माहीत होऊ नये याची व्यवस्था मीच केली होती.

माझा इंटरव्ह्यू चालू होता. दौंडजवळच्या एमआयडीसीतली कंपनी, क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा, आणि जगदाळे सर तिथले प्लांट हेड. ही नोकरी मला हवीच होती. ती का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी मनीषा, शिरूरची. डिप्लोमा मेकॅनिकल. रांजणगावच्या एका कंपनीत चौदा वर्षं क्वालिटीत होते. क्वालिटीचं काम सोपं करून सांगायचं तर दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या सासूबाई हेच काम घरी फुकट करतात, असं मी कंपनीत सांगायचे. सगळे हसायचे. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग मलाच घ्या की कामाला."

गर्भपिशवीत गाठी निघाल्या आणि पिशवी काढायची ठरली. मी रीतसर रजा टाकली, बदलीच्या माणसाला रजिस्टरं समजावून सांगितली आणि ऑपरेशनला गेले. डिस्चार्ज मिळून नववा दिवस होता. एचआरचा फोन आला. आवाज इतका मऊ की मला वाटलं तब्येतीची चौकशी करतायत. "मॅडम, तुम्ही आराम करा. लेटर आम्ही घरी पाठवतो, तुम्हाला यायचा त्रास नको." दुसऱ्या दिवशी लेटर आलं. आमची सगळी लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली होती आणि मला सोडून हलवली होती. इतकी काळजी घेऊन कुणाला कामावरून काढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. रडू आलं, पण रडताना टाके दुखतात, त्यामुळं तेही धड जमलं नाही.

आमच्याकडं ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला यायची पद्धत आहे. कोण आलं आणि कोण आलं नाही, हे पुढं दहा वर्षं लक्षात ठेवतात. आता माझ्याकडं तर ऑपरेशनही होतं आणि नोकरी गेल्याचंही होतं. येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. नेमकं कशाबद्दल वाईट वाटून घ्यायचं ते त्यांना दारात ठरवता यायचं नाही. बिस्किटाचा पुडा मात्र एकच आणायचे. एक काकू म्हणाल्या, "बरंच झालं गं बाई, आराम मिळाला." एकीनं पापडाचा धंदा सुचवला. एका मावशींनी तर मला जवळ घेऊन सांगितलं की आता नोकरी-बिकरी बास, नवऱ्याचा पगार येतोय ना. नवऱ्याचा पगार येत होता हे खरं आहे. संदीप साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. पण मी डिप्लोमा पापडासाठी केला नव्हता. चाळिशीत क्वालिटीची बाई घरी बसली की सहा महिन्यांनी तिला कुणी विचारत नाही, हे मी दोन मैत्रिणींच्या बाबतीत बघितलं होतं. मला तिसरी व्हायचं नव्हतं.

म्हणून मी पोटावर उशी, उशीवर लॅपटॉप असं ठेवून नोकरी शोधायला लागले. पहिल्या दोन ठिकाणी फोनवर सगळं खरं सांगितलं. ऑपरेशन झालंय, अजून काही आठवडे वजन उचलता येणार नाही. दोन्हीकडं आवाज एकदम थंड झाला. "ठीक आहे मॅडम, बरं वाटलं की कळवा." बरं वाटलं की कळवा याचा अर्थ नका कळवू, हे समजायला डिप्लोमा लागत नाही. तिसरा फोन या कंपनीचा. एचआरच्या पूजा मॅडमनी विचारलं, "मेडिकली फिट आहात ना?" मी म्हणाले, "एकदम." आडवं पडून म्हणाले, एवढंच.

इंटरव्ह्यूला निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं की त्या माझ्याबरोबर येणार. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मी म्हणाले, "आत्या, इंटरव्ह्यूला कुणी सासूला घेऊन जातं का?" त्या म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यावं कोण इंटरव्ह्यूला जातं का? तू चाललीस, म्हून मीबी चालले." संदीपनं मित्राची कार सांगून ठेवली होती, ती ऐन सकाळी लग्नाच्या भाड्याला गेली. त्यामुळं आम्ही एसटीनं निघालो. माझ्या हातात फाईल, आत्यांच्या काखेत उशी. खड्डा आला की ती उशी पोटाशी धरायची, असा त्यांचा नियम.

न्हावऱ्याच्या अलीकडं आत्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "दादा, खड्डा यायच्या आदी जरा आवाज द्या."

ड्रायव्हर मागं न बघता म्हणाला, "मावशी, खड्डा नसला की आवाज देतो. ते सोपं पडंल."

चौफुल्याला गाडी बदलली. वरवंड, पाटस मागं पडलं आणि आम्ही वेळेच्या अर्धा तास आधी गेटवर पोचलो. आत्यांना आत सोडायचा प्रश्नच नव्हता. वॉचमन भला माणूस, त्यानं आपल्या केबिनमध्ये खुर्ची दिली. उशी त्यांच्याकडं ठेवून मी हळूच सांगितलं, "आत्या, इथं कुणाला काही बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू? मला काय कळतंय त्यातलं," आत्या म्हणाल्या.

ऑफिसमधला इंटरव्ह्यू चांगला झाला. ड्रॉइंग वाचायला दिलं, वाचलं. गेजबद्दल विचारलं, सांगितलं. मग जगदाळे सर म्हणाले, चला शॉपवर, म्हणजे जिथं मशीनं चालतात तिथं. आमच्या धंद्यात हे असतंच. उमेदवाराला लाइनवर उभं करतात, एखादी खरी कटकट पुढ्यात टाकतात आणि गंमत बघतात. आठ प्रश्न विचारून जे कळत नाही ते दहा मिनिटांत कळतं.

त्यांची कटकट अशी होती. बुशच्या भोकाचा व्यास ठरलेल्या मापातच हवा. तो तपासायला प्लग गेज वापरतात. ही एक छोटी दांडी असते. तिचं एक टोक "गो", ते भोकात सहज गेलं पाहिजे. दुसरं टोक "नो-गो", ते जाता कामा नये. बास, इतकं सोपं. तरी दोन महिन्यांपासून कस्टमरकडून तक्रार येत होती की प्रत्येक लॉटमध्ये थोडे बुश असे निघतात ज्यांत गो जातच नाही, म्हणजे भोक लहान. कधी दोन, कधी पाच, काही धरबंद नाही. इथं इन्स्पेक्टर तपासायचा तेव्हा सगळं ठीक दिसायचं. आधीचा इन्स्पेक्टर याच कटकटीपायी सोडून गेला होता. म्हणूनच तर जागा रिकामी होती.

तर बिन खाली लाकडी पॅलेटवर होती आणि तपासणीचं टेबल कमरेइतकं उंच. मशीन चालवणारा रामप्रवेश बिहारचा होता. त्याला हाक मारता आली असती. पण त्याचं मशीन चालू होतं, आणि खरं सांगायचं तर माझा अहंकारही आडवा आला. चौदा वर्षांत मी एकदाही कुणाला बिन उचलून मागितली नव्हती. बाईनं एकदा मागितली की तिला सगळे कायमचे बिन उचलून द्यायला लागतात, आणि मग प्रमोशनच्या वेळी तेच सांगतात. आता मागितली असती तर पहिला प्रश्न आला असता, का? उचलली असती तर त्या रात्री पुन्हा हॉस्पिटल. मी बिनकडं बघत राहिले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं:

"सर, मी बिन उचलत नाही. उचलून टेबलावर पालथी केली की क्रम मोडतो. मला जागेवरच बघायचंय. एक स्टूल मिळेल?"

हे धादांत खोटं होतं. चौदा वर्षं मी प्रत्येक बिन टेबलावर पालथीच करत आले होते. सगळेच करतात. ढीग करायचा, त्यातून हाताला येतील ते पाच नग घ्यायचे, गेज घालायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं, पुढची बिन. जगदाळे सरांच्या भुवया वर गेल्या. पण स्टूल आलं.

मी पट्ट्याला सांभाळत स्टुलावर बसले आणि एकेक बुश उचलायला लागले. आता क्रम म्हटलंय तर क्रमानंच घ्यायला हवं होतं. बुश थरांनी रचलेले होते, दोन थरांच्या मधे पुठ्ठा. वरच्या थरातला पहिला घेतला. गो टोक आत जायला तयार नाही. दुसरा, तो गेला, पण दाबून. तिसरा, नाही गेला. मला वाटलं मीच गेज तिरका धरतेय, म्हणून पुन्हा सरळ धरून घातला, तरी नाही. पुठ्ठा काढला. दुसऱ्या थरात गेज घट्ट जात होता, पण जात होता. तिसऱ्यात बराच मोकळा. सगळ्यांत खालच्या थरात गेज लोण्यात सुरी जावी तसा गेला.

तेव्हा मला माझ्या खोटेपणाचा विसर पडला. चौदा वर्षांत मी असं कधी बघितलंच नव्हतं. खालचा थर आधी झालेला, वरचा शेवटी. म्हणजे भोक सुरुवातीला बरोबर आणि जसजसं काम पुढं जाईल तसतसं लहान. भोक कातणारं छोटं पातं असतं, त्याला इन्सर्ट म्हणतात. पेन्सिलीचं टोक झिजतं तसं ते झिजतं, आणि झिजलं की भोक पूर्ण कातलं जात नाही. म्हणून ठरावीक नगांनंतर ते बदलतात. इथं ते बदलायच्या आधीच संपत होतं. फक्त शेवटचे काही नग बाद, आणि बिन पालथी केली की तेच नग ढिगात कुठंतरी हरवायचे. पाचांच्या सँपलमध्ये सापडले तर नशीब.

मी रामप्रवेशला विचारलं, इन्सर्ट किती नगांनी बदलता? त्यानं सांगितलं, जितने पे पहले बदलते थे, उतने पे ही, हर बिन पे नया. मग तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "लेकिन मैडम, दो महीने से दूसरा वाला आ रहा है. थोड़ा नरम है."

दोन महिने. तक्रारही दोन महिन्यांची. मला इतका आनंद झाला की मी इंटरव्ह्यूला आले आहे हेसुद्धा विसरले. मी म्हणाले, "सर, ज्यानं कुणी हे नवं इन्सर्ट पास केलं, त्यानं आधी ते किती नग टिकतं ते बघायला हवं होतं. हा बेसिक चेक आहे."

जगदाळे सर म्हणाले, "मी पास केलं."

रामप्रवेश मशीनकडं वळला. जगदाळे सरांनी वाकून वरच्या थरातला एक बुश घेतला, स्वतः गेज घालून पाहिला, मग खालच्या थरातला घेतला, पाहिला. मग म्हणाले, "क्रमानं बघायची ही पद्धत तुम्ही कुठं शिकलात?"

मी तोंड उघडणार एवढ्यात पूजा मॅडम ऑफिसमधून जवळजवळ पळत आल्या. गेटवरून इंटरकॉम आला होता. वॉचमनचा निरोप त्यांनी जसाच्या तसा सांगितला, "सर, ह्या मॅडमला काही उचलायला लावू नका म्हणतोय. ऑपरेशन झालंय, टाके ओले आहेत, असं त्यांच्या सासूबाई गेटवर सांगतायत."

टाके ओले नव्हते. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

जगदाळे सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग स्टुलाकडं पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडं. "म्हणजे क्रम-बिम काही नव्हतं?"

"नव्हतं सर," मी म्हणाले. "पण आता आहे."

त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. "मॅडम, क्वालिटीच्या माणसाचं काम काय? खोट दिसली की टॅग लावायचा. तुम्ही स्वतःचाच टॅग काढून आलात."

मला लाज वाटली. चौदा वर्षं मी ऑपरेटरना हेच ऐकवत आले होते. चूक झाली तर सांगा, लपवू नका, लपवलेला नग पुढं जाऊन गाडी थांबवतो. मी त्यांना फोनवरच्या थंड आवाजांबद्दल सांगितलं, सफाई म्हणून नाही, झालं ते सांगायचं म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एचआर कळवेल." नोकरी शोधणाऱ्या कुणालाही विचारा, याचा अर्थ काय ते सांगेल.

गेटवर आत्या वॉचमनला पोहे कसे करायचे ते सांगत होत्या. मी उशी घेतली. चौफुल्यापर्यंत फाईलमधले कागद पुन्हापुन्हा लावत बसले. न्हावऱ्याच्या गाडीत बसल्यावर मात्र राहवलं नाही. मी म्हणाले, "आत्या, मी सांगितलं होतं ना, बोलायचं नाही."

"व्हय, सांगितलं व्हतं."

"मग?"

"मंग काय? वॉचमन म्हनला, आत समद्यांना माल उचलायला लावत्यात. मी त्याला फोन लावायला लावला," आत्या म्हणाल्या. खड्डा आला, त्यांनी माझा हात धरून उशी पोटाशी दाबली. "आन् मनीषा, लपवून नोकरी लागली असती तर रोज पोट धरून किती दिस चालनार व्हतीस? नोकरी जाऊ दे, दुसरी बघू. तू गेलीस तर दुसरी कुठनं आनू?"

मला खिडकीतून बाहेर बघावं लागलं. त्यांच्यावर रागावणं सोपं होतं. पण त्या खऱ्या होत्या आणि मी खोटी, आणि आम्हा दोघींना ते माहीत होतं. त्यानंतरचा रस्ता त्यांनी डब्यातले शेंगदाण्याचे लाडू खाण्यात आणि मला खायला घालण्यात घालवला.

आठ दिवस फोन नाही. मी मनातल्या मनात ती जागा सोडून दिली. नवव्या दिवशी पूजा मॅडमचा फोन आला. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट मिळेल त्या दिवशी जॉइन व्हायचं, तोवर जागा ठेवतो. सहा महिने प्रोबेशन. आणि सरांनी विचारलंय की इन्सर्ट किती नगांना बदलायचं, ते घरून सांगता येईल का. मी म्हणाले, रामप्रवेशला सांगा, थर मोजून कुठल्या थरापासून गेज अडतो ते लिहून ठेव. त्यानं लिहिलं. इन्सर्ट आता आधीच्या निम्म्या नगांवर बदलतात. तक्रार थांबली.

सर्टिफिकेट देताना डॉक्टरांनी विचारलं, कामात वजन उचलावं लागतं का? मी सांगितलं, लागायचं. आता पद्धत बदलली आहे.

खरंच बदलली आहे. मी जॉइन झाले त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर पाटी लागलेली होती: बिन पालथी करू नये. खाली हिंदीतही. टेबल कापून पॅलेटच्या उंचीचं केलं आहे, म्हणजे बिन उचलायची नाही, नुसती सरकवायची, आणि शेजारी स्टूल आहे. नवी मुलं-मुली या सगळ्याला मॅडमची पद्धत म्हणतात. मागं एक कस्टमर ऑडिटला आला. त्याला ती फारच आवडली. त्यानं विचारलं, ही आयडिया कुणाची? जगदाळे सर चहा पीत होते. ते म्हणाले, "मॅडम सांगतील," आणि माझ्याकडं बघत बसले. मी म्हणाले, अनुभवातून आली. ऑडिटरनं ते वहीत लिहून घेतलं.

पहिल्या पगाराला आत्यांसाठी साडी नेली. त्यांनी ती उलगडून उजेडात धरली, काठ पाहिले, पदर पाहिला, आणि आतल्या बाजूला एक सुटलेला धागा शोधून काढला. मग नेसल्या.

इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. काय दुखतंय-खुपतंय ते आत पाऊल ठेवल्याबरोबर आपण होऊन सांगून टाकावं. नाहीतर सासूला घरी ठेवून जावं. मला आता यातलं पहिलंच जमतं, कारण दुसरं आमच्या घरात शक्य नाही.